उसना अँप

नार्व्याच्या फेरीत स्कूटरच्या पायाशी
अँप उभा करून मी दिवाडीला चाललोय.
भजनी मंडळाच्या वर्गणीतून घेतलेला,
अकूस्टिक गिटारचा.
आमच्यात गिटार कोणी वाजवत नाही,
पण पेटीला आणि बुवांच्या गळ्याला
इतकं खरं बोलणारं दुसरं काही मिळालं नाही.

"कोणाकडे?" फेरीवाला विचारतो.
"आगापीतकडे."
पुढे पत्ता विचारायची गरज पडत नाही.

आगापीत मास्कारेन्यस. एकवीस वर्षं तारवटी,
बोटीवरच्या बँडमध्ये.
ह्यूस्टनला बोट दुरुस्तीसाठी अडकली तेव्हा
कुणा म्हाताऱ्याच्या गॅरेजमधून त्याने हे आणलं:
चार पायांवर आडवी मान, दहा तारा,
खाली तीन पेडल, गुडघ्यांनी ढकलायच्या तरफा.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं
शिवणयंत्र असावं.
मग त्याने एक स्वर दाबून दुसऱ्यात सोडला,
आणि मी म्हटलं, अरे, ही तर मींड,
मींडीला पाय फुटलेत.

त्याचा व्हॉल्व्हचा अँप मागच्या मंगळवारी गेला.
वीज गेली, आली, परत गेली,
आणि येताना दुप्पट आली.
आता त्या चाळीस किलोच्या धुडावर
बाल्कांवात मांजर झोपतं.
शनिवारी खुरसापुढे लदीन आहे.
म्हणून मी.

वायर लावली. त्याने पोलादी कांडी सरकवली
आणि आम्ही दोघंही दचकलो.
तारेवर लोखंड घासल्याची खरखर,
नखीचा प्रत्येक टक्‌,
सगळं बाहेर आलं.
माझा अँप पोटात काही ठेवत नाही.

"हा अँप," आगापीत म्हणाला, "की कुमसाराचा पाद्री?"
मग स्वतःच, "ना रे, पाद्री ऐकून गप्प बसतो."

आधी ट्वीटर बंद केला. काच फुटायची थांबली.
ट्रेबल अर्ध्याच्या खाली.
मिड वर, याच्या गळ्याचं हाड तिथं आहे.
बास जरा काढला, नाहीतर खालच्या तारा
बाकाखाली कुत्र्यासारख्या गुरगुरतात.
फेजचं बटण उलटं, म्हणजे शीळ मारत नाही,
हे मी बुवांच्या माइकवर शिकलेलो.
"रिव्हर्ब?"
"घाल थोडा. बांयएवढा. इगर्जीएवढा नको."

मग त्याने वरची तार लांबवर नेली.
शेवटाला स्वर थरथरला.
वा, म्हटलं मी, काय आंदोलन दिलंस.
तो कांडीकडे बघत राहिला.
"ते मी दिलेलं नाही," म्हणाला.
"तीन वर्षं झाली. डावा हात.
जुन्या अँपला ठाऊक होतं.
त्याने कोणाला सांगितलं नाही."

आतून बायकोने चहा आणला. कोणी काही बोललं नाही.
माझी बोटं रिव्हर्बच्या बटणाशी गेली होती,
अजून चार रेघा वर, की सगळं धुक्यात जातं.
त्याने व्हॉल्यूम पेडलवरचा पाय उचलला
आणि अनवाणी अंगठ्याने माझा हात बाजूला केला.

शनिवारी मेणबत्त्या, झेंडूचे हार,
म्हाताऱ्यांचे लॅटिन, अर्धं पाठ, अर्धं पुटपुटलेलं,
आणि त्यांच्या मागून तो स्वर,
उघडा, जरासा हलणारा,
ज्योती हलत होत्या तितकाच.
नंतर उकडलेले चणे वाटताना
पणजीहून आलेल्या एका पोराने विचारलं,
"अंकल, ते व्हायब्रेटो कुठे शिकलात?"
"पाण्यावर," आगापीत म्हणाला,
आणि फेणीचा ग्लास उजव्या हाताने उचलला.

एकादशीला मंडळात अँप परत लावला.
बटणं मी जिथल्या तिथे ठेवली होती.
बुवांचा आवाज चढणीवर फाटतो ना हल्ली,
तो फाटला,
पण ऐकू आला फक्त पहिल्या रांगेला.
"आज गळा बरा लागला," बुवा म्हणाले.

हो म्हटलं.
ट्वीटर मी अजून चालू केलेला नाही.